शत्रूच्या दप्तरातले साहित्य

१

"सर, बाबासाहेबांच्या आधी आपल्या लोकांनी लिहिलेच नाही, की लिहिलेले राहिले नाही?"

पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवरून महाडला शिकायला येणाऱ्या मुलाने वर्गात हा प्रश्न विचारला. दलित साहित्याचा आरंभ शिकवताना मी नेहमीप्रमाणे १९५८ सालच्या पहिल्या दलित साहित्य संमेलनापासून सुरुवात केली होती. त्याआधी चोखोबांचा एक ओझरता उल्लेख. मधली पाच-सहाशे वर्षे मी एका वाक्यात उरकली होती : अक्षरबंदीमुळे दलितांना लिहिता आले नाही. हे वाक्य खोटे नाही. पण ते अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणाचा फायदा नेमका कोणाला होतो याचा विचार मी कधी केला नव्हता. "लिहिले नाही" म्हटले की जबाबदारी लिहिणाऱ्यावर जाते. "राहिले नाही" म्हटले की प्रश्न जपणाऱ्यांकडे, नक्कल करणाऱ्यांकडे, छापणाऱ्यांकडे वळतो. आपली प्रस्थापित वाङ्मयेतिहासाची पुस्तके पहिल्याच वाक्यावर थांबतात. आपणही तेथेच थांबावे काय?

या प्रश्नाचा विचार करताना मला एका फार दूरच्या वाङ्मयाचा उपयोग झाला. ते वाङ्मय जवळजवळ अस्तित्वातच नाही, आणि म्हणूनच ते उपयोगी पडले. फिनिशियन आणि त्यांच्यातूनच निघालेले कार्थेजचे प्यूनिक लोक यांचे ते साहित्य. वाचकांना हा विषय परका वाटेल. पण साहित्य नाहीसे कसे होते याचे इतके उघडे उदाहरण दुसरे मिळणे कठीण आहे.

२

आजच्या लेबननच्या किनाऱ्यावर टायर, सिडॉन, बिब्लॉस ही फिनिशियनांची शहरे होती. फिनिशियन हे नाव त्यांचे स्वतःचे नव्हे. ते ग्रीकांनी दिले. प्यूनिक हे रोमनांनी दिले. पाचव्या शतकाच्या सुमारास आफ्रिकेतला संत ऑगस्टीन लिहितो की आमच्याकडच्या खेडुतांना तुम्ही कोण असे विचारले तर ते स्वतःला कनानी म्हणवतात. म्हणजे राज्य जाऊन पाच-साडेपाचशे वर्षे झाली तरी शेतकऱ्याच्या तोंडी आपले नाव टिकून होते, आणि ग्रंथांत मात्र शत्रूने दिलेले नाव पक्के झाले होते. अस्पृश्य, पंचम, हरिजन अशी दुसऱ्यांनी दिलेली नावे वागवत आलेल्या समाजाला यावर भाष्य करून सांगण्याची गरज नाही.

या लोकांनी बावीस व्यंजनांची लिपी रुळवली. ग्रीकांनी ती घेतली, तीत स्वर घातले. ग्रीकांकडून ती इटलीत गेली आणि आजची रोमन लिपी झाली. तिच्याच दुसऱ्या शाखेतून अरामाई लिपी आली, आणि आपली ब्राह्मी त्या अरामाईवरून सुचली असावी असे अनेक अभ्यासक मानतात. त्यावर एकमत मात्र नाही. ज्यांनी निम्म्या जगाला लिहायला शिकवले त्यांचे स्वतःच्या भाषेतले एकही संपूर्ण पुस्तक आज उपलब्ध नाही.

याची कारणे दोन. पहिले हवामानाचे. हे लोक लिहीत ते पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावर. इजिप्तच्या कोरड्या वाळूत पपायरस हजारो वर्षे टिकला. समुद्रकाठच्या दमट हवेत तो कुजला. उरले ते दगड. अशा कोरीव लेखांची संख्या दहा हजारांच्या वर भरते. त्यांतले बहुतेक कार्थेजचे, आणि बहुतेक एकाच साच्याचे : तानित देवीला आणि बाल हम्मोन देवाला अमक्याच्या मुलाने नवस फेडला, कारण देवाने त्याची हाक ऐकली. राजांच्या शवपेट्यांवर मजकूर असतो तो बहुधा शापाचा : जो माझी पेटी उघडील त्याचा वंश बुडो. बिब्लॉसच्या अहिराम राजाच्या पेटीवरचा असा लेख सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा आहे.

दुसरे कारण माणसांचे. इ. स. पू. १४६ मध्ये तीन वर्षांच्या वेढ्यानंतर रोमनांनी कार्थेज जाळले आणि उरलेल्या माणसांना गुलाम म्हणून विकले. (त्या भूमीत मीठ पेरले ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते, पण एकाही प्राचीन ग्रंथात ती नाही. आपल्या बाजूची गोष्टसुद्धा तपासून घ्यावी लागते, ती अशी.) कार्थेजमध्ये ग्रंथसंग्रह होते. रोमन लेखक प्लिनी सांगतो की सिनेटने ते आफ्रिकेतल्या लहानसहान राजांना वाटून टाकले. अपवाद एका ग्रंथाचा केला. मागो नावाच्या कार्थेजी लेखकाचा शेतीवरचा अठ्ठावीस खंडांचा ग्रंथ सरकारी हुकुमाने लॅटिनमध्ये उतरवून घेण्यात आला.

हा अपवाद का केला हे समजून घेतले पाहिजे. मागोला द्राक्षमळे, बैल, मधमाश्या आणि शेतावरची माणसे कशी राखावीत याचे ज्ञान होते, आणि रोमन जमीनदारांना ते हवे होते. कोलुमेल्ला हा रोमन लेखक मागोला शेतीशास्त्राचा पिता म्हणतो. ज्या नगरीचा मागमूस राहू दिला नाही तिच्याच माणसाला पिता म्हणायचे! पुढे मूळ ग्रंथ गेला, लॅटिन भाषांतर गेले, ग्रीक भाषांतरही गेले. आज मागो उरला आहे तो इतरांच्या पुस्तकांतल्या उताऱ्यांपुरता.

आणखी चार तुकडे सांगितले की ही यादी जवळजवळ संपते. हन्नो नावाच्या कार्थेजी दर्यावर्दीच्या आफ्रिकेच्या सफरीचा वृत्तान्त आहे, तो ग्रीक भाषांतरात. हॅनिबलने इटलीच्या दक्षिण टोकाला एका देवळात आपल्या मोहिमेची नोंद प्यूनिक आणि ग्रीक अशा दोन भाषांत कोरून ठेवली होती. ती पॉलिबियसने वाचली आणि सैन्याचे आकडे तेथून घेतले म्हणून आपल्याला माहीत. फिनिशियन पुराणकथा सांखुनियाथोन नावाच्या प्राचीन लेखकाच्या म्हणून बिब्लॉसच्या फिलोने ग्रीकमध्ये सांगितल्या. फिलोचे पुस्तक गेले. त्यातले उतारे युसेबियस या ख्रिस्ती बिशपने घेतले, ते या कथा किती वाईट आहेत हे दाखवण्यासाठी. आणि प्यूनिक भाषेतली काही सलग बोलणी टिकली ती प्लाउटस या रोमन नाटककाराच्या विनोदी नाटकात. तेथे एक कार्थेजी म्हातारा आपल्या भाषेत बोलतो, आणि रोमन प्रेक्षकाने हसावे म्हणून त्याचा भलताच अर्थ सांगितला जातो.

३

एवढ्या माहितीवरून समीक्षेने शिकावे असे काही आहे काय? मला वाटते, आहे.

नाहीसे झालेले वाङ्मय तीन ठिकाणी सापडते : दगडावर, शत्रूच्या गरजेत आणि शत्रूच्या थट्टेत. या तिन्ही ठिकाणी ते मोडके असते आणि त्याच्याभोवती दुसऱ्याचा हेतू असतो. म्हणून ते वाचण्याची रीतही वेगळी हवी. युसेबियस कथा का सांगतो हे ठाऊक असेल तर त्याचा हेतू बाजूला काढता येतो. फिलोच्या कथा त्याने स्वतःच रचल्या असाव्यात असे अनेक विद्वानांना दीर्घकाळ वाटत होते. १९२९ पासून सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामरा येथे उत्खनन सुरू झाले, त्याहून जुन्या मातीच्या पाट्या निघाल्या, आणि त्या कथांमधली कित्येक दैवते त्या पाट्यांवर सापडली. फिलोने सारे खरे सांगितले होते असे यावरून सिद्ध होत नाही. पण सारे बनावट आहे असे छातीठोकपणे सांगणारे उघडे पडले.

आता हे आपल्याकडे लावून पाहू. चोखोबा, सोयराबाई, बंका, कर्ममेळा यांचे अभंग आपल्यापर्यंत वारकरी परंपरेतून आले. चोखोबांचे अभंग अनंतभट्टाने उतरून घेतले असे परंपराच सांगते. म्हणजे लेखणी दुसऱ्याच्या हातात होती. जे भक्तीच्या चौकटीत बसले ते उतरले गेले, गाइले गेले, टिकले. न बसणारे चोखोबा बोललेच नसतील असे कोण म्हणेल? ते काय बोलले असतील हे मात्र मी रचून सांगणार नाही. जे टिकले ते कोणाच्या चाळणीतून आले एवढे सांगणे हे समीक्षकाचे काम आहे.

एकनाथांनी महाराच्या तोंडी घातलेली जोहाराची भारुडे घ्या. एकनाथ प्लाउटस नव्हेत. त्यांच्या मनात करुणा होती, थट्टा नव्हती. तरीही तेथे बोलणारा महार एकनाथांचा आहे. त्याच्या बोलण्यातून अध्यात्म काढून घेतले तर खाली गावकामगाराचे काम, त्याची भाषा, त्याचे वाकणे दिसू लागते. ते दिसते म्हणून ती भारुडे आपण वाचावीत. ती आपले साहित्य आहेत असे मात्र म्हणू नये.

आणि मागो? गावाची शीव कोठून जाते याचा तंटा पडला की महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई. जमिनीचे ज्ञान त्याचे, दप्तर दुसऱ्याचे. गरजेपुरते ज्ञान घ्यायचे आणि माणूस वेशीबाहेर ठेवायचा, हा व्यवहार फक्त रोमनांनाच माहीत होता असे नाही.

४

महाडच्या लगत गंधारपाले येथे डोंगरात तीसेक बौद्ध लेणी आहेत. मुंबई-गोवा रस्त्यावरून ती दिसतात. तेथे ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत एक लेख आहे : कुमार काणभोअ वेण्हुपालित याने लेणे, चैत्यगृह, आठ कोठड्या आणि पाण्याच्या दोन पोढी दान दिल्या. कार्थेजच्या नवसाच्या दगडांसारखाच हा साचेबद्ध मजकूर आहे. वाङ्मय म्हणून त्याकडे कोणी पाहत नाही. पण महाडच्या माणसाने तो कसा वाचावा? दोन हजार वर्षांच्या आतबाहेर याच सावित्री-गांधारीच्या खोऱ्यात पाणी दान दिल्याची नोंद कोणी दगडावर करून ठेवतो, आणि त्याच डोंगराच्या नजरेच्या टप्प्यात २० मार्च १९२७ रोजी माणसांना तळ्याचे पाणी प्याल्याबद्दल मार खावा लागतो. हे दोन मजकूर शेजारी ठेवले की पहिला लेख नुसता पुरातत्त्वाचा राहत नाही. मात्र याच लेण्यांतले भिक्षू आपले थेट पूर्वज होते असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा माझ्यापाशी नाही, आणि या लेखाचे मोल त्या दाव्यावर अवलंबूनही नाही.

आता कागदाकडे येऊ. पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांनी शिवरायांवर संस्कृतात शिवभारत लिहिले. ते काव्य अपूर्ण अवस्थेत मिळाले, तेही दूर तंजावरच्या संग्रहात, आणि स. म. दिवेकरांनी ते १९२७ साली छापून काढले. म्हणजे ज्या साली महाडला तळ्याचे पाणी पेटले त्याच साली अडीचशे वर्षांपूर्वीचे एक दरबारी काव्य छापले गेले. मला परमानंदांशी भांडायचे नाही. मला दाखवायचे आहे ते एवढेच की ग्रंथ टिकतो तो केवळ गुणावर नव्हे. त्याला नक्कल करणारा लेखनिक लागतो, ठेवायला कपाट लागते, कपाट राखायला राजा किंवा संस्था लागते, आणि अडीचशे वर्षांनी शोधायला जाणारा संशोधक लागतो. या चारांपैकी आपल्या माणसांजवळ कोणते होते?

तरीही लिहिले गेले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून हवालदार म्हणून १८८६ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांनी लेखणी हाती घेतली. जोतीराव फुल्यांच्या विचारांनी ते भारले होते. 'दीनबंधू'सारख्या पत्रांत त्यांनी लिहिले. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली. शंकराचार्यांसह हिंदू धर्ममार्तंडांना प्रश्न विचारणे हे तिचे रूप. अनार्य दोष परिहारक मंडळी त्यांनी स्थापली. लष्करात महारांची भरती बंद झाली तेव्हा १८९४ च्या सुमारास त्यांनी सरकारकडे करायचा अर्ज तयार केला. १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा शेजारी बसावे लागणार म्हणून सवर्ण सभासदांचा जळफळाट झाला. १९०० मध्ये ते वारले.

वलंगकरांना आपण आद्य पत्रकार, आद्य समाजसुधारक म्हणतो, जयंतीला हार घालतो, पण त्यांना लेखक म्हणून वाचत नाही. का? कारण त्यांनी कविता लिहिली नाही, कथा लिहिली नाही. त्यांनी प्रश्न लिहिले आणि अर्ज लिहिला. मराठी समीक्षेच्या कपाटात अर्ज या प्रकाराला खण नाही. फिनिशियनांचा अभ्यासक असे म्हणू शकत नाही; त्याच्यापाशी नवस आणि शाप एवढेच आहे, म्हणून त्यातली शब्दयोजना, त्यातला मी, त्यातला श्रोता तो बारकाईने पाहतो. तसे वलंगकरांना पाहावे. ज्या समाजाला वर तोंड करून बोलण्याची मनाई, त्यातला एक हवालदार थेट शंकराचार्यांना प्रश्नार्थक वाक्यात बोलतो. अर्जाची भाषा नम्र असते, पण अर्ज आपला हक्क गृहीत धरूनच लिहावा लागतो. जोहारात वाकलेला माणूस येथे प्रश्न करताना दिसतो. हा मराठी गद्यातला मोठा बदल आहे, आणि तो साहित्याच्या इतिहासात नोंदला गेला पाहिजे.

वलंगकरांचा विचार मात्र जसाच्या तसा स्वीकारण्याचे कारण नाही. अस्पृश्य हे मूळचे अनार्य, आर्यांनी जिंकलेले, ही मांडणी त्यांनी फुल्यांकडून घेतली. बाबासाहेबांनी १९४६ च्या शूद्रांवरील ग्रंथात आर्य वंशाचा सिद्धान्तच नाकारला. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी पद्धतीचा प्रश्न घेतला : दुवे तुटलेले असतील तर इतिहासकाराने हात बांधून बसू नये, कल्पनेने व तर्काने ते जुळवावेत. पण आपला सिद्धान्त अंतिम सत्य आहे असा दावा त्यांनी केला नाही. तो तपासावा असेच सांगितले. आपल्या चळवळीत पहिला भाग सर्वांना पाठ असतो, दुसरा फार थोड्यांना.

५

शत्रूच्या दप्तराचे सर्वांत मोठे उदाहरणही महाडचेच आहे. चवदार तळे आमच्याच वहिवाटीचे, अस्पृश्यांना तेथे येऊ न देण्याची रूढी पुरातन, असे म्हणत सवर्णांनी डिसेंबर १९२७ मध्ये दावा लावला. त्या दाव्यातल्या मनाई हुकुमामुळे दुसऱ्या परिषदेत तळ्यावर जाण्याचा बेत स्थगित करावा लागला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. तळ्याचा निकाल मात्र दहा वर्षे लांबला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले. रूढी अनादी काळापासूनची आहे हे त्यांना सिद्ध करता आले नाही. विचार करा : विरोधकांनी आपल्याला रोखण्यासाठी जी फाइल उघडली तिच्यातच आपला हक्क लिहिला गेला.

पण बाबासाहेब विरोधकांच्या फायलीवर विसंबून राहिले नाहीत. मार्चच्या परिषदेनंतर पंधरवड्यातच, ३ एप्रिल १९२७ रोजी त्यांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केले आणि महाडची हकिकत आपल्या लेखणीने सांगितली. हॅनिबलची लढाई आपण रोमनांच्या आणि ग्रीकांच्या पुस्तकांत वाचतो. महाडची लढाई आपण 'बहिष्कृत भारता'त वाचू शकतो. एवढा हा फरक आहे.

तरी सगळेच तेवढे सुदैवी नव्हते. मार्चच्या परिषदेच्या संघटकांपैकी एक, महाड तालुक्यातले रामचंद्र बाबाजी मोरे, १९७२ मध्ये वारले. त्यांचे अपुरे आत्मचरित्र २००३ मध्ये, मुलाने लिहिलेल्या चरित्रासोबत छापून आले. मधली एकतीस वर्षे ते कागद घरात होते. एखादा पूर आला असता तर? आणि डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे केलेले भाषण आपल्यापाशी आहे; ते ऐकून घरी जाताना त्या बायका आपसांत काय बोलल्या ते कोणी लिहून घेतले काय?

येथे एक इशारा द्यायला हवा. कार्थेज म्हणजे दलित, रोम म्हणजे ब्राह्मण, असे सोपे समीकरण कोणी मांडू नये. कार्थेज हे व्यापाऱ्यांचे, वसाहती करणाऱ्यांचे, गुलाम राखणाऱ्यांचे राज्य होते. मागोचा ग्रंथ शेतमालकासाठी आहे; त्याच्या शेतात राबणाऱ्या लिबियन माणसाचे आणि गुलामाचे बोलणे त्या अठ्ठावीस खंडांत शोधायला कोण गेले असते? साम्य आहे ते साहित्य हरवण्याच्या रीतीत, समाजातल्या जागेत नाही. आणि त्यातून आपल्यालाही टोचणारा प्रश्न निघतो : आपल्या दप्तरात आपण कोणाला जागा देत नाही? महाराचे कागद गोळा करताना शेजारच्या चांभारवाडीतले, कातकरवाडीतले काय आहे हे आपण विचारतो का?

६

शेवटी माझ्या घरातली गोष्ट सांगतो, कारण ती न सांगता हा लेख अप्रामाणिक होईल.

माझ्या आजोबांची एक वही होती. ते मुंबईला गिरणीत होते आणि सुटीत गावी आले की जलशात उभे राहत. वहीच्या एका बाजूने पगाराचा आणि उसनवारीचा हिशेब, उलटी धरली की दुसऱ्या बाजूने जलशाची गाणी. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला मी. एम. ए. करत असताना मी ती वही एकदा उघडली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पाहिल्या, दोन ठिकाणी यमक जुळले नव्हते ते पाहिले, आणि ती परत पत्र्याच्या पेटीत टाकली. साहित्य म्हणजे काय हे मी तेव्हा नुकतेच शिकलो होतो.

२२ जुलै २०२१ ला महाडमध्ये पाणी शिरले. सावित्री आणि गांधारी दोन्ही चढल्या होत्या. त्याच दिवशी तळियेत दरड कोसळून वाडीच गाडली गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसे नेली. त्या दुःखापुढे वहीचे दुःख सांगायला संकोच वाटतो. पाणी वाढू लागले तसे मी काय काय वर नेले ते मला आठवते : अभ्यासक्रमाची पुस्तके, समीक्षेचे ग्रंथ, प्रमाणपत्रांची फाइल. पेटी खालीच राहिली. चिखल उपसल्यावर ती सापडली. आईने वहीची पाने एकेक सोडवून दोरीवर वाळत घातली. पाने वाळली, पण शाई राहिली नव्हती.

कार्थेजचे ग्रंथ रोमनांनी वाटून टाकले. आजोबांची वही कोणा सवर्णाने बुडवली नाही. ती जपण्यासारखी नाही हा निवाडा मी दिला होता, आणि निवाड्याची फूटपट्टी मी कॉलेजातून आणली होती. दमट हवा, पूर, वाळवी यांच्याइतकीच ही फूटपट्टी घातक आहे. तिच्याविरुद्ध बोलणे हे दलित समीक्षेचे पहिले काम आहे असे मी आता मानतो.

पुरानंतर मी आत्याकडे गेलो. तिला तीन गाणी येत होती. ती मी उतरून घेतली. तिसऱ्या गाण्याला मी आजोबांचे नाव घातले तेव्हा तिने मला थांबवले. "ते तुझ्या आज्याचं नाय," ती म्हणाली, "त्याच्या जोडीदाराचं. आज्या फक्त म्हणायचा." मी नाव खोडले. जोडीदाराचे गाव पोलादपूरकडचे, एवढेच तिला आठवत होते. मी तेवढेच लिहिले.

त्या विद्यार्थ्याला मी आता उत्तर दिले आहे : काही लिहिले गेले नाही, बरेच लिहिलेले राहिले नाही, आणि थोडे अजून पेट्यांत आहे. तो आता सुटीच्या दिवशी आपल्या वाडीत आणि आसपासच्या वाड्यांत वह्या, परिषदांची हँडबिले, वतनाचे कागद, अर्जांच्या नकला विचारत फिरतो. कागद मागायचा नाही, जागेवर फोटो घ्यायचा आणि कागद त्यांच्याच घरी उंचावर ठेवायला सांगायचा. म्हणणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि कोणाकडून ऐकले ते लिहायचे. जे ठाऊक नाही ती जागा मोकळी सोडायची. चुका दुरुस्त करायच्या नाहीत. एवढे चार नियम आम्ही ठरवले आहेत. त्या जोडीदाराचे नाव अजून मिळालेले नाही. शोध चालू आहे.